नवीन आरपीएम मीटर आणि घाटातले झटके : जुन्या पद्मिनीवर घालवलेले चार महिने

घाई असेल त्यांनी एवढंच वाचा. गाडी पॉइंटवाली (म्हणजे उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर स्पार्क पडणारी) जुनी पेट्रोल आहे, तिला तुम्ही इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारं नवीन आरपीएम मीटर बसवलंय, आणि त्यानंतर काही दिवसांनी गाडी चढावर मधूनच झटके द्यायला लागली आहे, तर कार्बोरेटर खोलू नका. कॉइलवरून (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा डेल्कोवरून (प्लगांना स्पार्क वाटणारा, आत पॉइंट असलेला डिस्ट्रिब्युटर) मीटरला गेलेली सिग्नलची वायर इंजिनच्या बाजूलाच सोडवा, टोकाला काळी टेप गुंडाळा आणि ज्या रस्त्यावर झटके येतात त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये एक चक्कर मारून या. झटके गेले तर दोष मीटरच्या वायरीत आहे. गेले नाहीत तर पेट्रोल, पॉइंट, प्लग ही नेहमीची मंडळी आहेतच.

हे एवढं साधं कळायला मला चार महिने लागले. मधल्या काळात कार्बोरेटरची दोन किटं, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, पॉइंटचा सेट, कंडेन्सर आणि चार प्लग एवढं सामान बदलून झालं. त्यातलं काहीच खराब नव्हतं.

गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि अजूनही डायनामोच. गेल्या दिवाळीनंतर इंजिन बोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून, घेतलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांनी गाडी हातात देताना बजावलं, की पहिले हजार किलोमीटर इंजिनला पळवायचं नाही आणि वरच्या गिअरमध्ये कण्हायलाही लावायचं नाही. आता कण्हणं आणि पळणं यांच्या मधली जागा ओळखायची कशी? डॅशबोर्डवर आरपीएम दाखवणारं काही नाही. मी म्हटलं, मीटर बसवून घेतो. मामा हसले. "सर, ही गाडी कान लावून चालवायची असती." माझे कान साठीला टेकलेत हे त्यांना कोण सांगणार.

तर संक्रांतीनंतर ५२ मिलिमीटरचं एक स्वस्तातलं मीटर आणलं. डॅशबोर्डच्या पत्र्याला भोक पाडायची माझी अजिबात तयारी नव्हती, आणि तुम्हीही पाडू नका. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची २० वर्षं भरल्यामुळे रस्त्यावरून उतरली. या गाड्यांचा चांगला डॅशबोर्ड आता मिळणं किती दुर्मिळ आहे हे ज्याने शोधलंय त्यालाच माहीत. मी ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून डॅशबोर्डच्या खालच्या कडेला क्लॅम्प केला. स्टिअरिंगच्या दांड्यावर लावायचा मोह होतो, पण गिअरचा दांडा तिथेच फिरतो, दुसऱ्या गिअरला हात मीटरवर आपटतो. जोडणी एका वायरमनकडून करून घेतली. पाऊण तासात काम झालं, सुई नाचायला लागली, मी खूश.

तीन आठवड्यांनी पहिला झटका आला.

लक्षण नीट सांगतो, कारण यातच सगळं आहे. गावात काही नाही. हायवेला सपाटीवर काही नाही. चढ लागला, तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर बऱ्यापैकी दाबलेला, की गाडीला कोणी मागून ओढल्यासारखा एक हिसका. कधी एकच, कधी लागोपाठ तीनचार. पाय थोडा सैल सोडला की बंद. गॅरेजमध्ये न्यूट्रलवर कितीही रेस करा, इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं. म्हणजे मिस्त्रीला दाखवायला नेलं की गाडी शहाणी.

चढावर, जोर दिल्यावर आणि गरम झाल्यावर झटके म्हटलं की पद्मिनीवाला कोणीही आधी पेट्रोलकडे बोट दाखवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. इंजिनलाच बसवलेला मेकॅनिकल पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी हापसायला लागते. उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं टाकून घाट चढणारे लोक मी लहानपणापासून पाहिलेत. आम्हीही फडकं टाकलं. एकदा तर खरंच झटके आले नाहीत, आणि त्या एका योगायोगाने महिना खाल्ला. मग डायफ्राम झाला, कार्बोरेटर झाला, त्यानंतर गाडी पॉइंटवर आली. नवीन पॉइंट, नवीन कंडेन्सर. दोन दिवस बरी, तिसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या चढाला पुन्हा तेच.

दुरुस्तीनंतर दोनतीन दिवस बरी राहायची याचंही कारण होतं, ते आता कळतंय. दर वेळी बॉनेट उघडून हात घातला की ती वायर जराशी सरकायची.

मे महिन्यात मेहुण्याला घेऊन रत्नागिरीला आंबे आणायला गेलो. परत येताना डिकीत आणि मागच्या सीटवर पेट्या, साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलो आणि झटके सुरू. मी रस्त्याकडे बघतोय, मनात पंपाला शिव्या. मेहुणा शेजारी शेंगा खात बसलेला. तो म्हणाला, "दाजी, तुमची ही सुई सारखी झोपतीया की ओ."

मी म्हटलं, इंजिन मिस होतंय, सुई खाली येणारच.

"खाली न्हाई येत. शून्यावर पडतीया आन् परत जाग्यावर."

पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेतली. पाच मिनिटं नुसता बसलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ४०च्या वेगाने चढतेय, क्लच दाबलेला नाही. चाकं फिरतायत म्हणजे इंजिन फिरतंय, त्याला दुसरा इलाजच नाही. पेट्रोल कमी पडलं असतं तर स्पार्क पडतच राहिला असता, मीटरने तो मोजला असता आणि सुई गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरली असती. फिरत्या इंजिनावर सुई धाडकन शून्यावर पडते याचा अर्थ एकच. त्या क्षणी कॉइलच्या प्रायमरीत, म्हणजे ज्याचा करंट पॉइंट जोडतात आणि तोडतात त्या वेटोळ्यात, काही घडतच नाहीये. म्हणजे इग्निशन. पंपाचा, कार्बोरेटरचा, वाफेचा इथे काही संबंध नाही.

ज्यांच्या गाडीत चालू मीटर आहे त्यांच्यासाठी ही ओळख फार कामाची आहे, मीटरचा दोष असो वा नसो. गाडी गिअरमध्ये असताना बंद पडत असेल तर शेजारच्याला सुईकडे बघायला सांगा. सुई आधी मरते आणि गाडी मग मंदावते, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, चावीचा स्विच आणि त्यांच्या मधल्या वायरी बघायच्या. सुई गाडीबरोबरच उतरते तर आधी पेट्रोल बघायचं. एक पोटभेद लक्षात ठेवा. डेल्कोची टोपी, रोटर किंवा प्लगच्या वायरी खराब असतील तर प्रायमरी चालूच राहते. त्यामुळे गाडी झटके देते पण सुई स्थिर असते.

आता ही सुई कशावर चालते ते थोडक्यात. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत चार स्पार्क देतं, म्हणजे एका फेरीला दोन. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट जातो. डेल्कोतल्या कॅमने पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि कॉइलच्या निगेटिव्ह टोकावर क्षणभर दोनअडीचशे व्होल्टच्या वर जाणारा ठोका बसतो. मीटर हे ठोके मोजतं. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे ६००० ठोके, सेकंदाला १००. सेकंदाच्या ठोक्यांना ३० ने गुणा की चार सिलिंडरचा आरपीएम आला.

कॉइलचं निगेटिव्ह, डेल्कोच्या बाजूचा स्क्रू आणि मीटरची सिग्नलची वायर हे विजेच्या दृष्टीने एकच ठिकाण. पॉइंट तरी काय करतात? त्या ठिकाणाला बॉडीशी जोडतात आणि तोडतात. आता मीटरची वायर कुठे सोलली जाऊन पत्र्याला टेकली, तर ते पॉइंट कायमचे मिटल्यासारखंच झालं. डेल्कोत पॉइंट उघडोत न उघडोत, करंट तुटत नाही, स्पार्क नाही, मीटरला ठोका नाही. मीटरची वायर फक्त बातमी आणणारी आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात साध्या जोडणीत ती गाडी बंद करायचा स्विच असते. चोरापासून गाडी वाचवायला लोक पूर्वी याच ठिकाणाहून एक गुपचूप स्विच काढून अर्थ करून (बॉडीला जोडून) ठेवायचे, ते यामुळेच.

घाटातच वायर सोडवली, टेप लावली. कोल्हापूरपर्यंत एकही झटका नाही.

दुसऱ्या दिवशी वायर शोधत गेलो. वायरमनने सिग्नल कॉइलवरून न घेता डेल्कोच्या बाजूच्या स्क्रूवरून घेतला होता, कारण तिथे पाना सहज पोचतो. तिथून वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या एका जुन्या भोकातून आत नेली होती. भोकाला ग्रोमेट, म्हणजे पत्र्याची धार झाकणारी रबरी कडी, नव्हतं. आणि वायर ताणून, अगदी नीटनेटकी. तिथेच फसलं. कॉइल माझ्या गाडीत बॉडीला आहे, ती हलत नाही. डेल्को इंजिनला आहे, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे जोर दिला की एका अंगाला झुकतं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन झुकायचं, वायर ओढली जायची, आणि पत्र्याच्या धारेवर सोललेली तिची तांब्याची तार बॉडीला टेकायची. पाय सोडला की इंजिन सरळ, वायर सैल. न्यूट्रलवर रेस केली तर इंजिनवर भार नाही, त्यामुळे ते पुरेसं झुकतच नाही. म्हणून गॅरेजमध्ये कधी दिसलं नाही. सोललेला भाग तिळाएवढा होता, आणि तोही खालच्या बाजूला.

तुम्हाला गॅरेजमध्येच हे पकडायचं असेल तर एक उपाय आहे. इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवून एका लाकडी दांडक्याने ती वायर जागोजागी हलवा, विशेषतः पत्र्याच्या भोकापाशी. फॅन आणि बेल्टपासून दांडकं लांब ठेवा, आणि सोललेल्या वायरीला हात लावू नका. दोनअडीचशे व्होल्टच्या वरचा तो ठोका सहसा माणूस मारत नाही, पण हात झटकला जाऊन पंख्यात जाऊ शकतो. बंद इंजिनवर तपासायचं तर वायर दोन्ही टोकांना सोडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक प्रोब वायरीला आणि एक बॉडीला लावा, आणि वायर ओढून बघा.

नवी जोडणी मी स्वतः केली. सिग्नल कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतला. लुकासच्या कॉइलवर या टोकाला सीबी लिहिलेलं असतं आणि चावीकडच्याला एसडब्ल्यू, बॉशच्या कॉइलवर १ आणि १५. निगेटिव्ह म्हणजे सीबी किंवा १. या टोकापासून बोटभर अंतरावर, म्हणजे वायर पत्र्याला पोचायच्या आतच, १० किलोओहमचा अर्धा वॅटचा रेझिस्टर वायरीत डाग देऊन बसवला आणि त्यावर हीट श्रिंक नळी चढवली. सगळ्या कामात महत्त्वाची गोष्ट ही एकच, आणि तिची किंमत चहाच्या कपापेक्षा कमी. आता पुढे कुठेही वायर सोलली आणि अर्थ झाली तरी कॉइलला मध्ये १० हजार ओहम दिसतात, म्हणजे गाडीला पत्ताच लागत नाही. फक्त सुई मरेल. व्होल्टेजच्या ठोक्यावर चालणाऱ्या बहुतेक मीटरना एवढा रेझिस्टर चालतो. सुई उठलीच नाही तर ४.७ किलोओहम लावून बघा.

भोकाला ग्रोमेट घातलं. वायरीवर वेगळी काळी नळी. इंजिनला कुठेही न बांधता बॉडीच्या कडेने, आणि मध्ये थोडा झोळ ठेवून. लाल वायर, म्हणजे मीटरचा सप्लाय, चावी दिल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजवरून एक अँपिअरचा वेगळा काचेचा फ्यूज घालून घेतला. कॉइलच्या पॉझिटिव्हवरून सप्लाय घ्यायची पद्धत आहे, जवळ पडतं म्हणून. घेऊ नका. ती जागा विजेच्या दृष्टीने फार गोंगाटाची, आणि ज्या गाड्यांत कॉइलच्या आधी तिचं व्होल्टेज कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर असतो तिथे इंजिन चालू असताना पूर्ण १२ व्होल्ट मिळतही नाहीत. वायरींच्या रंगांवर विसंबू नका. लाल सप्लाय, काळा अर्थ, हिरवा सिग्नल, पांढरा लाइट हा बऱ्याच मीटरचा क्रम आहे, सगळ्यांचा नाही. डब्यातला कागद फेकायच्या आधी वाचा.

माझ्या झटक्यांची कथा इथे संपली, पण मधल्या काळात मी आणखी दोन मीटर बदलली होती आणि इतरांच्या गाड्यांतलीही पाहिली. त्यातून ज्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात त्यांच्याबद्दलही लिहितो.

सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी तक्रार ही. दिवसा मीटर ठीक, रात्री लाइट लावले की सुई मरते, किंवा इंडिकेटरबरोबर डुलते. दुकानदार मीटर बदलून देतो, नवीनही तसंच करतं. हा दोष जवळजवळ नेहमी अर्थचा. जुन्या गाडीत काळी वायर डॅशबोर्डच्या कुठल्यातरी स्क्रूखाली दाबतात. खाली रंग, रंगाखाली गंज. धड अर्थ मिळत नाही. मग मीटरचा करंट दुसरी वाट शोधतो. मीटरच्या आतल्या बल्बमधून पांढऱ्या वायरीत, तिथून डॅशबोर्डच्या बाकीच्या बल्बच्या फिलामेंटमधून बॉडीला. दिवसा ही आडवाट चालून जाते, सुई जरा कमी किंवा हलती दाखवते इतकंच. रात्री लाइटचा स्विच दाबला की पांढऱ्या वायरीवर १२ व्होल्ट येतात, आडवाट बंद, सुई मेली. खात्री करायची तर एक लांब वायर घेऊन बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट मीटरच्या काळ्या वायरीला तात्पुरती जोडा. सुई सरळ झाली तर मीटर निर्दोष. नंतर रंग खरवडून, लग लावून, तारेच्या ब्रशने घासलेल्या जागी घट्ट बोल्ट करा. काळी वायर डॅशबोर्डवर न दाबता बॉडीच्या एखाद्या जाड भागावर नेलीत तर आणखी चांगलं. हे काम मी मीटर बसवायच्या आधी करायला हवं होतं.

आकडा चुकतोय, पण शिस्तीत चुकतोय, म्हणजे सगळीकडे दुप्पट किंवा निम्मा, तर गणित बघा. माझं पहिलं मीटर स्लोवर १६०० दाखवायचं आणि मी मामांना स्लो कमी करायला सांगत होतो. ते मीटर बाइकसाठीचं निघालं, एका फेरीला एक ठोका धरणारं. पद्मिनी दोन देते, म्हणून दुप्पट. बऱ्याच मीटरना मागे ४, ६, ८ सिलिंडरचा स्विच असतो. ४ च्या गाडीत तो ८ वर राहिला तर निम्मा आकडा, ६ वर राहिला तर दोन तृतीयांश. काही मीटरमध्ये हा स्विच सप्लाय बंद करूनच फिरवावा लागतो.

मारुती ८००वाल्यांची अडचण वेगळी. इंजिन ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं, आणि स्विचवर ३ नसतोच. डेल्कोवाल्या गाडीत एका फेरीला दीड ठोका येतो. मीटर ४ वर ठेवलं तर पाऊण आकडा दिसतो, ३००० ला २२५०, आणि हिशोब करत गाडी चालवणं कठीण. ६ वर ठेवा. मग बरोबर निम्मा दिसतो, आणि दुप्पट करणं कोणालाही जमतं. हौशी लोक काचेच्या आत नवीन आकड्यांचा कागद चिकटवतात, ते दिसायलाही छान दिसतं.

सुई खालच्या वेगाला ठीक आणि ३००० च्या वर नाचते, अशी तक्रार असेल तर सिग्नलची वायर प्लगच्या वायरींजवळून गेलीय का ते आधी बघा. वीतभर तरी अंतर हवं, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. मोकळ्या तांब्याच्या जुन्या प्लग वायरी असतील तर रेझिस्टरवाल्या टोप्या बसवून फरक पडतो, आणि रेडिओची खरखरही जाते. दुसरं कारण कॉइलचं. पॉइंट उघडल्यावर येणारा ठोका एकटा नसतो, त्याच्यामागे घंटेसारख्या विरत जाणाऱ्या लहान लाटा असतात. स्वस्त मीटर त्याही मोजतं. वर सांगितलेल्या रेझिस्टरच्या मीटरकडच्या टोकापासून अर्थला ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा कपॅसिटर टाकला की बहुतेक वेळा सुई शांत होते. तरीही नाचत असेल तर डेल्कोचा दांडा हाताने हलवून बघा. बुश झिजून तो खेळत असेल तर पॉइंटची गॅप फेरीगणिक बदलते. तेव्हा सुई खरंच बोलत असते, तिला गप्प करण्यात अर्थ नाही.

हे सगळं झालं तरी आकडा खरा कशावरून? माझ्याकडे दोन पडताळे आहेत, दोन्हीला आपल्या घरातली ५० हर्ट्झची वीज पुरते.

पहिला जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा. ही ट्यूब सेकंदाला १०० वेळा लखलखते. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब चालत नाही. रात्री गॅरेजमध्ये बाकीचे दिवे बंद करा, इंजिनच्या खालच्या, म्हणजे क्रँकच्या पुलीवर खडूने एकच ठळक रेघ मारा आणि रेस हळूहळू वाढवा. १५०० ला पुली सेकंदाला २५ फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीत चार लखलखाट. रेघ चार जागी थांबल्यासारखी दिसते, अधिकच्या चिन्हासारखी. ३००० ला समोरासमोर दोनच. १००० ला सहा, पण त्या फिकट असतात, डोळे ताणावे लागतात. चिन्ह जागच्या जागी थांबलं की मीटर वाचा. इथे एक धोका आहे, तो गंमतीवारी नेऊ नका. याच प्रकाशात फिरता पंखाही कधी कधी थांबल्यासारखा दिसतो. हात मागे बांधून उभं राहा, मफलर आणि सदऱ्याच्या बाह्या सांभाळा.

दुसरा पडताळा टेबलावरचा. मीटरला सप्लाय गाडीच्या बॅटरीवरून द्या. १२ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं एक टोक मीटरच्या अर्थला जोडा, दुसरं एका १एन४००७ डायोडमधून सिग्नलच्या वायरीला. सेकंदाला ५० ठोके, म्हणजे मीटर ४ सिलिंडरवर असेल तर १५०० दाखवायला हवं. एका डायोडऐवजी चार डायोडचा ब्रिज लावला, आणि कपॅसिटर न घालता त्याचं निगेटिव्ह अर्थला व पॉझिटिव्ह सिग्नलला दिलं, तर ३०००. काही मीटरना १२ व्होल्टचा ठोका पुरत नाही, ती हलतच नाहीत. तेवढ्यावरून त्यांना बाद ठरवू नका. माझं सध्याचं मीटर १५०० ला १५५० दाखवतं आणि ३००० ला ३०५०. या किमतीत मला चालतं.

डिझेलवाल्यांनी, म्हणजे १३७ डी पद्मिनी किंवा डिझेल ॲम्बॅसेडर असलेल्यांनी, वरचं जोडणीचं सगळं सोडून द्या. तुमच्याकडे कॉइलच नाही. सिग्नल अल्टरनेटरच्या डब्ल्यू टोकावरून घ्यावा लागतो, आणि एका फेरीला किती ठोके हे अल्टरनेटरचे पोल आणि पुल्यांचं प्रमाण यावर ठरतं. १२ पोलचा रोटर एका फेरीत सहा ठोके देतो. अल्टरनेटर इंजिनच्या दुप्पट फिरत असेल तर इंजिनच्या फेरीला बारा. त्यासाठी आकडा जुळवता येणारं डिझेलचं मीटर घ्या.

चोरबाजारातून कोणी हौसेने जुनं स्मिथ्सचं मीटर आणलं असेल तर डायलवर आरव्हीआय लिहिलंय की आरव्हीसी ते बघा. आरव्हीसी नेहमीसारखं निगेटिव्हवर लागतं. आरव्हीआयमध्ये चावीवरून कॉइलला येणारी पॉझिटिव्ह वायरच मीटरमधून फिरवून न्यावी लागते. त्याला निगेटिव्हवर जोडून मीटर मेलंय म्हणणारे दोघे मला भेटलेत. आणि पॉझिटिव्ह अर्थवाल्या गाडीचं असेल तर आपल्या निगेटिव्ह अर्थवर ते तसंच चालणार नाही, बदल करून घ्यावा लागतो.

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा आंबा घाट करून आलो, या वेळी मुद्दाम पाच माणसं बसवून. वर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये सुई २८०० च्या आसपास चिकटून होती. मिस्त्रीमामांना सगळं सांगितलं, सोललेला तुकडा दाखवला. त्यांनी तो नखाने खरवडून बघितला आणि विचारलं, "आन् ह्याच्यापायी आपण कार्बोरेटर दोनदा उतरवला व्हय?" काढलेला जुना पॉइंट सेट आणि कंडेन्सर त्यांनी फेकला नव्हता. मी तो पुसून, चहाच्या डब्यात घालून डिकीत ठेवला आहे, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.